कोळ्याच्या हाती तलवार कोणी दिली?

गेल्या पावसाळ्यात आमच्या नात्यातल्या एका घरी स्नानसंस्काराच्या जेवणाला गेलो होतो. बाळाचे नाव सांतियागो ठेवले होते. वडील बोटीवर नोकरीला. लग्नाआधी एकदा बोटीवरची मुदत संपल्यावर, घरी परतण्यापूर्वी, ते स्पेनमधील त्या प्रसिद्ध यात्रेच्या वाटेवरून पाच दिवस चालले होते आणि पहिला मुलगा झाला तर त्याला त्याच संताचे नाव द्यायचे असे त्यांनी तेव्हाच मनाशी ठरवून टाकले होते. नाव जाहीर झाले आणि पंगतीत दोन मते उमटली. हयातभर मराठी शाळेत शिकवलेले एक वृद्ध मास्तर म्हणाले, "ही फिरंगी लोढणी आता तरी गळ्यातून काढा. ज्या नावाची आरोळी ठोकीत ते लोक आपल्या किनाऱ्यावर उतरले, ते नाव आपणच आपल्या लेकराला द्यावे?" त्यांना उत्तर दिले एका तरुणाने. त्याने भेट म्हणून चौकटीत बसवलेले एक चित्र आणले होते. पांढरा घोडा, त्यावर झळाळणारा स्वार, उगारलेली तलवार, आणि टापांखाली फेटेवाल्या माणसांची तुटलेली मुंडकी. तो म्हणाला, "मास्तर, हा नुसता हात जोडून उभा राहणारा संत नाही, लढवय्या आहे. आज आपल्याला असलेच संत हवेत." टाळ्या पडल्या. ते चित्र पाळण्याच्या वरच्या खिळ्याला लागले.

मी त्या वेळी गप्प राहिलो. परक्याच्या घरातील मंगल प्रसंगी वाद घालू नये एवढी रीत पाळली. पण ते मौन मला तेव्हापासून टोचत आहे, आणि म्हणून हा लेखनप्रपंच. मला दोघांचेही म्हणणे मान्य नाही. वरवर पाहता ते एकमेकांच्या विरुद्ध बोलत होते. खरे पाहता दोघांच्याही डोळ्यांपुढे एकच सांतियागो होता, तो घोड्यावरचा. एकाला तो नकोसा होता, दुसऱ्याला हवासा. या नावाचा मूळ धनी घोड्यावर बसल्याची एकही नोंद शुभवर्तमानात नाही, याची आठवण मात्र कोणालाच झाली नाही.

आधी नावाकडेच पाहू. मूळ इब्री नाव याकोब. ग्रीक भाषेत ते याकोबोस झाले, लॅटिनमध्ये याकोबुस. स्पेनमधल्या लोकांच्या तोंडी 'सांत' हे उपपद आणि पुढचे नाव घासत घासत एकजीव झाले आणि सांतियागो हा एकच शब्द बनला. पुढे लोकांनी तो पुन्हा भलत्याच ठिकाणी तोडला, तेव्हा तियागो हे निराळे नाव निघाले. दियेगो हेही त्यातूनच आले असे परंपरा मानते. हाइमे आणि इंग्रजांचा जेम्स हे त्याच लॅटिन नावाच्या दुसऱ्या एका रूपातून आले. तेव्हा आपल्या गावातला जेम्स, गोव्यातला दियोगो आणि मराठी बायबलातला याकोब यांचे मूळ एकच आहे. सांतियागोचा विशेष एवढाच की त्यात संतपण शब्दातच मुरलेले आहे. पेद्रोला किंवा पाब्लोला संत म्हणायचे तर आधी तसे उपपद लावावे लागते. सांतियागो नावाच्या उनाड पोराला त्याची आई रागाने हाक मारते तेव्हाही तिच्या तोंडून संताचा उच्चार होतोच.

हा संत कोण होता? जब्दीचा मुलगा, योहानाचा भाऊ, गालीलच्या सरोवरातला कोळी. येशूने हाक मारली तेव्हा दोघे भाऊ होडीत बसून जाळी नीट करीत होते, असे संत मार्क आवर्जून सांगतात. घरची होडी होती, हाताखाली मजूर होते. म्हणजे घर अगदी दरिद्री नव्हे. दोघे भाऊ तापट असले पाहिजेत, कारण प्रभूने त्यांना गर्जनेचे पुत्र असे टोपणनाव दिले. या तापटपणाची एक हकिकत संत लूक यांनी नोंदवून ठेवली आहे, आणि आजच्या आपल्या वादात तीच सर्वांत मोलाची आहे. शोमरोनी लोकांच्या एका गावाने येशूला उतरायला जागा दिली नाही. परधर्मी म्हणावे असे ते लोक, शेजारी आणि पिढीजात वैरी. याकोब आणि योहान यांनी विचारले, आकाशातून अग्नी पाडून या गावाची राख करू का? येशूने मागे वळून त्यांनाच दटावले, आणि सर्व जण दुसऱ्या गावाला गेले. याच याकोबाने पुढे गौरवाच्या राज्यात उजवी-डावी आसने मागितली, तेव्हा थोर व्हायचे असेल तर सर्वांचा सेवक हो, हे उत्तर त्याला मिळाले. शेवटी, इसवी सन ४४ च्या सुमारास, राजा हेरोद अग्रिप्पाने त्याला ठार मारले. बारा प्रेषितांपैकी तो पहिला रक्तसाक्षी. प्रेषितांच्या कृत्यांमध्ये त्याच्या मरणासाठी एकच वाक्य खर्ची पडले आहे, आणि त्या वाक्यात त्याला कशाने मारले तेही सांगितले आहे. तलवारीने.

वाचकांनी इथे क्षणभर थांबावे. ज्याला परधर्मीयांचे गाव जाळायला खुद्द प्रभूने मनाई केली, जो स्वतः तलवारीने मारला गेला, त्याच माणसाच्या हाती तलवार देऊन त्याला परधर्मीयांच्या मुंडक्यांवर उभे करण्यात आले. याला इतिहासाचा विनोद म्हणून सोडून देता येत नाही. हे शुभवर्तमानाविरुद्ध केलेले चित्र आहे.

ते कसे घडले याचीही नोंद आहे. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात स्पेनच्या वायव्य टोकाला गॅलिसियात एक कबर सापडली. इरियाचे महागुरुस्वामी तेओदोमिरो यांनी ती प्रेषित याकोबाची असल्याचे जाहीर केले, अस्तुरियसचा राजा दुसरा अल्फोन्सो याने तिथे मंदिर बांधले, आणि पुढे त्या जागी सांतियागो दे कोम्पोस्तेला हे शहर वसले. कबर खरोखर त्याचीच काय, या वादात मी शिरत नाही. हजार वर्षे लोक तिथे पायी गेले, रडले, क्षमा मागून परतले. ती श्रद्धा माझ्या आदराचा विषय आहे. माझी तक्रार त्या कबरीतून काढलेल्या घोडेस्वाराविषयी आहे.

असे सांगतात की ८४४ साली क्लाविहो येथे राजा पहिला रामिरो मुसलमानी फौजेशी लढत असता संत पांढऱ्या घोड्यावरून प्रकट झाला आणि त्याने शत्रूची कत्तल केली. ही लढाई झालीच नाही, याविषयी आज इतिहासकारांत दुमत नाही. तिचा आधार म्हणून दाखवली जाणारी राजाची सनद बाराव्या शतकात बनवलेली आहे. आणि त्या सनदेत काय आहे ते ऐकण्यासारखे आहे. विजयाची कृतज्ञता म्हणून शेतकऱ्यांनी दर बैलजोडीमागे ठराविक धान्य दरवर्षी कोम्पोस्तेलाच्या मंदिराला द्यावे, आणि लढाईतील लुटीत संताला एका घोडेस्वाराचा वाटा मिळावा! संताला घोड्यावर बसवण्यामागे भक्ती होतीच, पण तिच्या जोडीला कोठारही होते. हा धान्याचा कर शतकानुशतके गोळा होत राहिला. १८१२ साली काडिझच्या संसदेने तो रद्द ठरवला, आणि त्यानंतरही तो पुरता नाहीसा व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली. 'मातामोरोस', म्हणजे मूरांना मारणारा, ही संताची पदवी ज्या पायावर उभी आहे तो हा पाया.

कोणी म्हणेल, त्या काळी सगळेच असे मानीत, आजच्या कसोटीने त्यांना तोलू नका. हा आक्षेप रास्त असता, जर त्या काळी कोणालाच हे खटकले नसते. पण खटकले होते. कोम्पोस्तेलाच्याच बाराव्या शतकातल्या चमत्कारांच्या ग्रंथात एक कथा आहे. ग्रीस देशातून आलेला एक महागुरू आपले पद सोडून संताच्या मंदिरात एका कोपऱ्यात प्रार्थना करीत राहिला होता. सणाच्या दिवशी खेडूत मंडळी येऊन संताला उत्तम योद्धा म्हणून आळवू लागली, तेव्हा तो त्यांच्यावर उखडला. अरे बाबांनो, त्याला योद्धा काय म्हणता, तो कोळी होता! त्याच रात्री संत शस्त्रे धारण करून त्याला दिसला, हातात किल्ल्या घेऊन, आणि उद्या कोइंब्रा शहर ख्रिस्ती राजाच्या हाती पडेल असे सांगून गेला. कोइंब्रा १०६४ साली पडले हे खरे. ग्रंथकर्त्याने कथा रचली ती त्या ग्रीकाचे तोंड बंद करण्यासाठी. पण तोंड बंद करावे लागले, याचाच अर्थ ते उघडले गेले होते. तो कोळी होता, हे वाक्य कोम्पोस्तेलाच्या मंदिरात नऊशे वर्षांपूर्वी कोणीतरी उच्चारीत होते. मी नवे काही सांगत नाही; त्या म्हाताऱ्या ग्रीकाच्या बाजूने उभा आहे, इतकेच.

दुसऱ्या बाजूचेही न्यायाने सांगितले पाहिजे. त्या लोकांना भय होते आणि ते खोटे नव्हते. ९९७ साली कोर्दोव्याच्या सेनापती अल्मन्सोरने कोम्पोस्तेलावर स्वारी करून शहर जाळले आणि मंदिर पाडले. संताच्या कबरीला मात्र त्याने हात लावला नाही. मंदिराच्या घंटा ख्रिस्ती बंदिवानांच्या खांद्यांवरून कोर्दोव्याला नेल्या, असे परंपरा सांगते. १२३६ साली राजा फर्नांदोने कोर्दोव्हा जिंकले तेव्हा त्याच घंटा मुसलमान बंदिवानांच्या खांद्यांवरून परत आणवल्या. या हकिकतीचा आपल्या बाजूचे लोक अभिमानाने उच्चार करतात: पाहा, फिटंफाट झाली! मला त्या फिटंफाटीत घंटांचे ओझे वाहणारी माणसे तेवढी दिसतात. जातानाही माणसांचेच खांदे सोलले, येतानाही माणसांचेच. आणि घंटा वाजत होत्या त्या कोणाच्या नावाने? दुसऱ्या गावाला निघून जा असे ज्याला प्रभूने शिकवले होते त्याच्या.

स्पेनमध्येही शहाणी माणसे होती. 'सांतियागो, य सिएर्रा एस्पान्या' ही तिथली जुनी रणगर्जना. सिएर्रा म्हणजे तुटून पड. पण त्याच शब्दाचा रोजचा अर्थ बंद कर असाही होतो. १६१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'दोन किहोते'च्या दुसऱ्या भागात घोडेस्वार संतांच्या लाकडी मूर्ती पाहिल्यावर भाबडा सांचो आपल्या धन्याला विचारतो, हे लोक स्पेनला बंद करायला का सांगतात, स्पेन काय उघडी पडली आहे की काय? सर्वांतेसने हा प्रश्न एका अडाणी शेतकऱ्याच्या तोंडी घातला म्हणून तो सुटला. आणि तो विनोद छापला गेला तेव्हा स्पेन खरोखरच दारे बंद करून बसली होती. १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्को देशाबाहेर हाकलले गेले. हे मोरिस्को कोण? मुसलमानांचे वंशज, पण स्नानसंस्कार घेतलेले, कागदोपत्री ख्रिस्ती. बाप्तिस्मा झाला तरी रक्त परके, म्हणून देश त्यांचा नव्हे, असा न्याय झाला. त्याआधी १५६७ साली राजा दुसरा फिलिप याच्या हुकुमाने त्यांची अरबी भाषा, त्यांचा पोशाख आणि त्यांची नावेदेखील बंद करण्यात आली होती. ग्रानादाच्या फ्रान्सिस्को नुन्येस मुले या वृद्ध मोरिस्कोने अर्ज करून विचारले की जुनी नावे गेली तर घराणी ओळखायची कशी? अर्ज फेटाळला गेला. पुढच्याच वर्षी आल्पुहार्राच्या डोंगरांत बंड पेटले.

आता त्या तरुण मित्राला मी विचारतो. तू ज्या चित्रावर लुब्ध झालास त्यातल्या घोड्याखालच्या माणसाकडे कधी पाहिलेस का? तो आपल्या देशात जन्मलेला, तिथेच शेती केलेला, पण धर्मामुळे आणि नावामुळे परका ठरवला गेलेला माणूस आहे. या देशात आपण संख्येने किती, आणि आपल्या नावावरून आपल्याला कोणते प्रश्न विचारले जातात, हे तुला कोणी सांगायला नको. नोकरीच्या मुलाखतीत, भाड्याचे घर शोधताना, आगगाडीत शेजारी बसलेल्या गृहस्थाकडून, 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न आपण सर्वांनी ऐकला आहे. त्या चित्रात आपली जागा घोड्यावर आहे असे तुला कशावरून वाटते? चित्र नीट पाहिलेस तर आपण टापांखाली आहोत. आपल्यासारख्यांनी या स्वाराचा अभिमान धरणे म्हणजे आपल्यावर उगारल्या जाणाऱ्या काठीला तेल लावून देणे आहे.

हे चित्र प्रतीकात्मक आहे, खाली पडलेले ते पाप आणि सैतान, असाही बचाव केला जातो. मग त्या सैतानाला फेटा कशाला? आणि महासागर ओलांडताच तो फेटा बदलला कसा? स्पेनच्या लोकांनी १५३६ साली पेरूमधल्या कुस्को शहरात वेढ्यात सापडले असता सांतियागो प्रकटल्याची कथा सांगितली. तिथल्या चित्रांत आणि मूर्तींत घोड्याखाली इंका योद्धे आले, आणि मातामोरोसचा माताइंदिओस झाला. वामान पोमा या तिथल्याच माणसाने १६१५ च्या सुमारास ते दृश्य आपल्या हस्तलिखितात रेखाटून ठेवले आहे. पाप सर्वत्र सारखेच असते. टापांखालचा चेहरा मात्र जिथे ज्याची जमीन हवी असेल त्याचा असतो.

पण त्याच पेरूमध्ये पुढे जे झाले ते आमच्या मास्तरांनी ऐकावे असे आहे. तिथल्या डोंगरी लोकांचा विजेचा आणि मेघगर्जनेचा देव होता, इयापा. धर्मोपदेशकांकडून त्यांनी ऐकले की सांतियागो हा गर्जनेचा पुत्र. शिपाई बंदूक डागताना त्याच्याच नावाने ओरडत, हेही त्यांनी ऐकले होते. त्यांनी दोघांना एक मानले आणि जुळी मुले झाली की त्यांतल्या एकाचे नाव सांतियागो ठेवू लागले. जेत्यांचे नाव जितांनी आपल्या लेकरांना दिले! याचा धसका कोणी घेतला? धर्माधिकाऱ्यांनी. पाब्लो होसे दे आर्रियागा या येशूसंघीय धर्मगुरूच्या १६२१ साली लिमात छापलेल्या ग्रंथात नियम दिला आहे की यापुढे कोणाही इंडियनाने सांतियागो हे नाव घेऊ नये; हवे तर दियेगो म्हणवून घ्यावे. एकाच साम्राज्यात मोरिस्कोला त्याचे स्वतःचे नाव ठेवायला बंदी, आणि इंडियनाला संताचे नाव ठेवायला बंदी. नावे कोणी ठेवावी आणि कोणी ठेवू नये, हे ठरवायची हौस सत्तेला फार. म्हणून मास्तर, आपण स्वतः होऊन तो कारकुनीचा टेबल मांडून बसू नये, एवढीच माझी विनंती आहे.

मास्तरांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. ही आरोळी आपल्या किनाऱ्यावरही उठली आहे. वसईच्या किल्ल्याच्या बुरुजांना पोर्तुगिजांनी संतांची नावे दिली होती, आणि त्यांतला एक बुरूज सांतियागोचा होता. १७३९ साली किल्ला पडला. नाव कागदांत राहिले. कोळ्याच्या नावाचा बुरूज आणि त्याच्या पायथ्याशी रोज होड्या लोटणारे खरे कोळी, असे ते चित्र होते. पण त्या बुरुजासाठी नाव टाकून द्यायचे तर मग हापूसही टाकावा लागेल, कारण त्याच्या नावात अफोन्सो दडलेला आहे. मराठी नावे ठेवण्याला माझा विरोध नाही. माझ्या घरात ती आहेत आणि ती मला गोड वाटतात. विरोध आहे तो, नाव बदलले की आपल्यावरचा संशय फिटेल या समजुतीला. मोरिस्कोंनी नावे बदलली होती. फ्रान्सिस्को म्हणवून घेणाऱ्यालाही शेवटी बंदरावरच नेऊन उभे केले. संशय घेणाऱ्याला नाव हे निमित्त असते.

शिवाय नाव हे जेत्याच्या मुठीत राहत नाही, हे याच नावाने दाखवून दिले आहे. पोर्तो रिकोतल्या लोइसा गावी गुलामांच्या आफ्रिकी वंशजांनी सांतियागोचा सण आपला केला आहे. तिथे जुलैच्या अखेरीस संताच्या तीन मूर्ती मिरवतात, एक पुरुषांची, एक बायकांची आणि एक मुलांची. ग्वादालुपेच्या मातेचे दर्शन ज्याला झाले तो मेक्सिकोचा हुआन दियेगो मूळचा तिथलाच आदिवासी. २००२ साली पोपमहोदय दुसरे जॉन पॉल यांनी त्याला संत म्हणून घोषित केले. मज्जापेशींचा शोध घेऊन १९०६ साली नोबेल पारितोषिक मिळवणारा शास्त्रज्ञही सांतियागोच, रामोन इ काहाल. साहित्यात तर या नावाने आपल्या बिरुदाचा सूडच घेतला आहे. शेक्सपिअरने 'ऑथेल्लो'त मूर सेनापतीचा कपटाने घात करणाऱ्या खलपुरुषाला इयागो हे नाव दिले. मूरांना मारणाऱ्या संताची ती काळी सावली आहे असे अनेक समीक्षकांना वाटले. आणि १९८१ साली गार्सिया मार्केसने आपल्या लघुकादंबरीत एका अरब स्थलांतरिताच्या मुलाला सांतियागो नासार हे नाव दिले. सारे गाव ठाऊक असूनही गप्प राहते आणि तो आपल्याच दारात सुरीने मारला जातो. मूरांचा संहारकर्ता म्हणून मिरवलेले नाव इथे अरबाच्या लेकराला मिळाले, आणि मूळ प्रेषिताप्रमाणेच तोही शस्त्राने मेला.

तरीही घोडेस्वाराचा मोह सुटत नाही. १९३७ साली, यादवी युद्धाच्या ऐन भरात, जनरल फ्रँकोने फर्मान काढून सांतियागोला पुन्हा स्पेनचा अधिकृत आश्रयदाता ठरवले. त्याच वेळी त्याच्या बाजूने मोरोक्कोचे हजारो मुसलमान शिपाई लढत होते, म्हणजे मूरांना मारणाऱ्या संताच्या नावाने मूरच कामी आणले जात होते. २००४ साली माद्रिदच्या आगगाड्यांत बॉम्ब फुटल्यानंतर कोम्पोस्तेलाच्या महामंदिराने आतली मातामोरोसची अठराव्या शतकातील मूर्ती वस्तुसंग्रहालयात हलवण्याचे ठरवले. ओरड झाली, आणि निर्णय मागे पडला. मूर्ती जागीच राहिली. तिच्या पायथ्याशी पांढऱ्या फुलांचा ताटवा ठेवतात, त्यामुळे टापांखालची माणसे दिसत नाहीत.

मला ती फुले फार काही सांगून जातात. ती ठेवणाऱ्या हातांना लाज वाटत होती, हे चांगलेच आहे. पण फुलांनी झाकलेले मुंडके हे मुंडकेच असते. इतिहास पुसू नका, असे मूर्तीचे कैवारी म्हणतात. मीही तेच म्हणतो. पुसू नका, आणि झाकूही नका. मूर्ती संग्रहालयात ठेवा, खाली पाटी लावा, आणि आम्ही आमच्या प्रेषिताचे काय केले ते पाटीवर स्वच्छ लिहा. १२ मार्च २००० रोजी पोपमहोदयांनी रोमच्या संत पेत्राच्या महामंदिरात ख्रिस्तसभेच्या लेकरांनी सत्याच्या नावाखाली केलेल्या हिंसेबद्दल परमेश्वराची क्षमा मागितली. ज्याची क्षमा मागून झाली ते पुन्हा पाळण्यावर टांगायचे नसते.

यात्रेकरूंनी मात्र आपला निवाडा केव्हाच दिला आहे. कोम्पोस्तेलाला पायी पोहोचून नोंद करणाऱ्यांची संख्या २०२३ साली चार लाखांवर गेली. ते तलवार नेत नाहीत. काठी आणि पाण्याचे भांडे नेतात, आणि पिशवीला एक शिंपला बांधतात. हजार वर्षांपूर्वीपासून या वाटेची खूण शिंपलाच आहे, समुद्राच्या काठावर सापडणारा. वारीला जाणारा जसा माळेने ओळखू येतो, तसा हा शिंपल्याने. त्या बाळाचा बाप ज्या सांतियागोच्या ओढीने पाच दिवस चालला तो हाच. त्याने घोडेस्वार मागितलाच नव्हता. तो आम्ही भेट म्हणून त्याच्या गळ्यात मारला.

मराठी वाचकाला तर हे नाव फार पूर्वी एका चांगल्या माणसाकडून मिळालेले आहे. हेमिंग्वेने १९५२ साली क्यूबातल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट लिहिली. चौऱ्याऐंशी दिवस मासा लागला नाही तरी पंचाऐंशीव्या दिवशी होडी लोटणाऱ्या त्या म्हाताऱ्याचे नाव त्याने सांतियागो ठेवले. पु. ल. देशपांडे यांनी ती कथा मराठीत आणली आणि पुस्तकाला नाव दिले 'एका कोळियाने'. त्या ग्रीक महागुरूने जे वाक्य उच्चारून रोष ओढवून घेतला, तेच आपल्या भाषेत मुखपृष्ठावर छापले गेले.

म्हणून त्या घरच्या मंडळींना माझे जाहीर सांगणे आहे, आणि ते वाचून रागावणार नाहीत एवढा आमचा ऋणानुबंध आहे. मुलाचे नाव बदलू नका. कोणी विचारले तर सांगा, याकोब, जब्दीचा मुलगा, कोळी. चित्र तेवढे पाळण्यावरून उतरवा. फाडू नका, कपाटात ठेवा, आणि मुलगा जाणता झाला की त्याला ते दाखवून सगळी हकिकत सांगा, घोड्याखालच्या माणसांसकट. रिकाम्या खिळ्याला काय लावायचे, असे मला कोणी विचारलेले नाही, तरी सांगतो. या बाळाच्या पणज्याने चाळीस वर्षे समुद्र केला. त्याची जाळे विणायची लाकडी सुई अजून त्या घरात आहे, माळ्यावर, जुन्या दोरखंडांच्या पेटीत. ती पुसून तिथे लावा.